ठिपक्यांपासूनच सुरुवात का?

‘सगळे काम संगणकावर होत असताना पहिल्या सत्रात मुलांना काळ्या कागदाचे ठिपके कापून का चिकटवायला लावता?’ हा प्रश्न उपयोजित कला शिकणाऱ्या मुलांचे पालक मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर सांगतो. ही पद्धत माझी नाही. ती अर्मिन हॉफमन या स्विस ग्राफिक डिझायनरची आहे.

हॉफमन यांचा जन्म १९२० साली विंटरथुर येथे झाला. लिथोग्राफीचे, म्हणजे शिळाछपाईचे, काम शिकलेले हे गृहस्थ १९४७ पासून सुमारे चाळीस वर्षे बाझेलच्या कलाशाळेत शिकवत राहिले. १९६५ साली अहमदाबादच्या एनआयडीतही (राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही) त्यांनी काही काळ अध्यापन केले. त्याच वर्षी त्यांचे ग्राफिक डिझाइनवरचे पुस्तक आले, आणि त्याची सुरुवातच ठिपक्याने होते. मग रेषा येते आणि अक्षरे त्यानंतर.

ठिपका चौकोनाच्या मधोमध ठेवला तर स्वस्थ बसतो. तोच वरच्या कडेला जवळजवळ टेकवला, की ती इवलीशी पांढरी फट सगळे लक्ष ओढून घेते. ठिपका मोठा करत नेला, तर एका टप्प्यावर तो ठिपका म्हणून दिसेनासा होतो आणि उरलेले चार पांढरे कोपरेच आकार म्हणून पुढे येतात. हे सांगून कळत नाही. कात्रीने कापून, सरकवून, पुन्हा चिकटवून पाहावे लागते. (पडद्यावर ‘अनडू’ हाताशी असल्यामुळे मुले सरकवतात खूप, पाहतात कमी.)

या अभ्यासातून काय निघते, ते हॉफमन यांच्या १९५९ सालच्या ‘जिझेल’ या बॅलेच्या पोस्टरमध्ये दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर गिरकी घेणाऱ्या नर्तिकेचे, कडा विरघळलेले छायाचित्र आणि त्याला लागून उभे लावलेले, धारदार कडांचे पांढरे नाव. अक्षरे स्तब्ध आहेत म्हणून गिरकी वेगवान वाटते. नावातल्या ‘आय’वरचा ठिपकासुद्धा तिथे केवळ लिपीचा भाग म्हणून राहत नाही. जाहिरातींतल्या भडक रंगांनी रंगाचे मोल घालवले आहे, असे हॉफमन यांचे मत होते. कृष्णधवल पोस्टर हे त्यांनी त्याला दिलेले उत्तर होते.

त्यांच्या पोस्टरांची नक्कल जगभर झाली. काळा-पांढरा आणि एखादा सॅन्स-सेरिफ, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेल्या अक्षरांचा, टाइप घेतला की झाले ‘स्विस’ डिझाइन, हा समज आपल्याकडेही पुष्कळ आहे, आणि मला तो हॉफमन यांच्यावर अन्याय करणारा वाटतो. कारण त्यांचे विद्यार्थी त्यांच्यासारखे दिसणारे काम करत बसले नाहीत. स्टेफ गाइसब्यूलर अमेरिकेत गेले आणि एनबीसी या तिथल्या दूरचित्रवाहिनीच्या बोधचिन्हातला १९८६ सालचा रंगीत मोर त्यांनी घडवला. एप्रिल ग्रायमन यांनी संगणकाचे ठोकळेदार पिक्सेलच चित्रभाषा म्हणून वापरले, तेही बरेचसे व्यावसायिक त्या यंत्राकडे नाक मुरडत असताना. वोल्फगांग वाइनगार्ट यांनी तर स्विस टायपोग्राफीची, म्हणजे अक्षरमांडणीची, शिस्तच मोडीत काढली, आणि त्यांना १९६८ साली बाझेलमध्ये शिकवायला बोलावणारे होते खुद्द हॉफमन. आपल्या मताच्या विरुद्ध जाणाऱ्या माणसाला आपल्याच शाळेत वर्ग देणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत.

संगणक मुलांच्या हाती मी दुसऱ्या सत्रात देतो. तोवर कात्री, गोंद आणि काळा कागद एवढेच सामान लागते; पालकांच्या खिशालाही ते परवडते.