दातांच्या एक्स-रेमध्ये हार्मोनचा आजार दिसतो का?

जबड्याचे एक्स-रे वाचणे हे माझे काम असल्याने हा प्रश्न मला दवाखान्यात आणि लग्नकार्यांतही विचारला जातो. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: आजार दिसत नाही, त्याने हाडावर केलेला परिणाम दिसतो, आणि तोही दर वेळी नाही.

गळ्यात थायरॉइडच्या मागे बहुधा चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांपैकी एखादीत साधी गाठ झाली की तिचा हार्मोन प्रमाणाबाहेर पाझरतो आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढले जाते. प्रत्येक दाताच्या मुळाभोवती घट्ट हाडाचे पातळ अस्तर असते, ते फिल्मवर बारीक पांढऱ्या रेघेसारखे उमटते. त्याला लॅमिना ड्यूरा म्हणतात. ही रेघ एकाच दाताभोवती पुसली असेल, तर मी आधी कीड आणि मुळाशी साचलेला पू यांचाच विचार करते. मात्र ती सगळ्याच दातांभोवती नाहीशी झाली असेल, आतले जाळीदार हाड दुधी काचेसारखे धूसर दिसत असेल आणि दात तेवढे ठळक उरले असतील (पूर्ण तयार झालेल्या दातातून हा हार्मोन कॅल्शियम काढू शकत नाही), तर मी मुतखडा, हाडदुखी आणि मूत्रपिंडाचा जुना आजार यांची चौकशी करते, कारण मूत्रपिंडे निकामी होत गेली तरीही याच ग्रंथी अतिरेकी काम करू लागतात.

सर्वांत जपून वागावे लागते ते जबड्यात काळसर पोकळी दिसते तेव्हा. या आजारात हाड झिजून होणारी ‘ब्राउन ट्यूमर’ नावाची गाठ (ही कर्करोगाची नसते) आणि जायंट सेल ग्रॅन्युलोमा, म्हणजे या हार्मोनशी संबंध नसलेली जबड्यातली गाठ, या सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, म्हणजे बायोप्सीचा अहवाल आला तरी प्रश्न सुटत नाही. रक्तातील कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासल्याशिवाय अशा गाठीसाठी जबडा कापायला घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ग्रंथीवर उपचार झाले की हाडातली पोकळी बहुतेक वेळा आपोआप भरत जाते. पूर्वी तर कारण आणि परिणाम यांची उलटापालटच झाली होती. 1925 मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी हाडे झिजलेल्या एका ट्राम कंडक्टरच्या शरीरात आधी पॅराथायरॉइडचे कलम बसवले, आणि गुण येईना तेव्हा गळा उघडून त्याची वाढलेली ग्रंथी काढली.

पाळी गेल्यानंतरच्या हाडांच्या ठिसूळपणाबद्दल थोडक्यात: ओपीजीमध्ये, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेमध्ये, हनुवटीच्या बाजूच्या छिद्राखाली जबड्याची घट्ट कडा 3 मिलिमीटरपेक्षा पातळ भरली, तर मी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुचवते. पण केवळ त्यासाठी ओपीजी काढून घेणे मला पटत नाही. साध्या फिल्मवर फरक डोळ्यांना जाणवेपर्यंत हाडातील निदान 30 टक्के खनिज गेलेले असते. त्यामुळे फिल्म स्वच्छ दिसली म्हणून रक्ततपासणी टाळता येत नाही.

जुने ओपीजी असतील तर जरूर आणावेत, कारण कडा पातळ होत गेली की मुळातच तशी होती, हे तुलनेतूनच ठरते. फिल्म खिडकीला लावून मोबाइलवर काढलेला फोटो मात्र पाठवू नये. त्या फोटोत निरोगी माणसाचीही ती पांढरी रेघ हरवते.