दाणे तरंगले म्हणजे जिवाणू मेले असं नाही

दिवाळीआधीचे पंधरा दिवस फरसाण कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सांभाळायचा म्हणजे झोप विसरायची. रात्रपाळीत तळणीच्या कढया गरम पाण्याने आणि कॉस्टिकने धुतात, त्यात तेलाचं पार दूध होऊन जातं, मग ते तेल अडवणाऱ्या ट्रॅपमध्ये वर येतच नाही, सरळ पुढच्या टाकीत. एका वर्षी तसंच झालं आणि सकाळी बघतो तर यूएएसबीत (हवेशिवाय जगणारे जिवाणू सांडपाण्यातली घाण खाऊन गॅस करतात ती टाकी) तळाशी बसणारे, जिवाणूंच्याच गोळ्यांचे मोहरीएवढे काळे दाणे वर तरंगतायत! एक चिमटीत धरून चोळला, बोटाला साबणासारखं बुळबुळीत पांढरं लागलं. गॅस जवळपास बंद.

मालक म्हणाले टाकी रिकामी करा, नवीन कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजण, मागवा. मी म्हटलं शेठ, थोडं थांबा, जिवाणू मेलेले नाहीत, त्यांच्या अंगावर चरबी बसलीये.

होतं काय, पामतेल फुटलं की ग्लिसरॉल आणि फॅटी ॲसिड होतात. ग्लिसरॉल लगेच संपतं. जिवाणू फॅटी ॲसिडचे पुढे तुकडे करतात, पण त्यातलं पामिटिक नावाचं ॲसिड तिथेच दाण्याला चिकटून साठत जातं, तेच ते पांढरं. हे फोडणारे सिंट्रोफोमोनाससारखे जिवाणू एकट्याने काहीच करू शकत नाहीत, कारण फोडताना हायड्रोजन सुटतो, तो साठला की त्यांचं काम ठप्प, शेजारच्या मिथेनोजेनने, म्हणजे मिथेन बनवणाऱ्या जिवाणूने, तो हातोहात उचलून मिथेन केला तरच गाडी पुढे सरकते. इतकी वर्षं या कामात आहे तरी या शेजारधर्माचं मला अजून नवल वाटतं.

पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठात मादालेना आल्व्हेस यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. दाण्यांवर साठलेली चरबी वाया जात नाही, नवीन तेल थांबवून वेळ दिला तर तिचाच मिथेन होतो. आम्ही तेच केलं, फीड (टाकीत येणारं नवीन सांडपाणी) बंद, टाकीतलंच पाणी फिरवत ठेवायचं, रोजचं पाणी टँकरने बाहेर (खर्च झाला, पण तेल 10 मिग्रॅ प्रति लिटरच्या वर नाल्यात सोडायचं नाही म्हणजे नाही). बाराव्या दिवशी गॅसचा डोम हलायला लागला आणि मग असा चढला की विचारू नका. चढणारच, एक ग्रॅम चरबीतून जवळपास 1 लिटर मिथेन निघू शकतो, ग्लुकोजमधून 0.37.

दाणे हळूहळू खाली बसले. आता कढया आधी कापडाने पुसतात, मग पाणी. ट्रॅपवरचा तेलाचा थर चार बोटांचा एका बोटावर आलाय.