काळ्या मातीच्या अंगणातली कळलावी

हिवाळ्यात आपल्याकडच्या कुंड्यांमध्ये पॉपी, पिटुनिया ही परदेशी फुले हौसेने लावली जातात आणि फाल्गुनातले ऊन तापू लागले की ती माना टाकतात. सातपुड्याच्या रानात पावसाळ्यात कुंपणाकुंपणावर चढणारी कळलावी मात्र खानदेशातल्या घरांपुढे फारशी दिसत नाही. खरे तर इथल्या कडक उन्हाळ्याची तिला भीती नाही, कारण तोपर्यंत तिचा वेल वाळून गेलेला असतो आणि कंद जमिनीखाली विसावलेला असतो.

तिला त्रास होतो तो आपल्या काळ्या मातीचा. पावसात ही माती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. म्हणून कुंडीत किंवा उंच वाफ्यात माती, जाडी वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून, पाण्याचा निचरा सांभाळूनच लागवड करावी. नांगराच्या आकाराचा हा दुफाटी कंद ठिसूळ असतो आणि कोंब त्याच्या टोकालाच असतो, तेव्हा तो अलगद हाताळून मृगाच्या सुमारास दोन-तीन इंच खोल आडवा ठेवावा. वेलाला आधार म्हणून शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पुरतात. पानांची टोकेच वेटोळी होऊन काडीला धरतात, आणि ते रोज जवळून पाहण्यासारखे असते. श्रावण-भाद्रपदात खाली मान घातलेली कळी उमलते, तिच्या सहा नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळतात, आधी हिरवट-पिवळ्या असतात आणि दिवसागणिक लाल होत जातात. वेल पिवळा पडला की पाणी थांबवावे आणि कुंडी पुढच्या पावसापर्यंत कोरडी राहू द्यावी.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विष असते आणि कंद तर सर्वांत घातक. तो खाण्याजोग्या कंदासारखा दिसत असल्यामुळे स्वयंपाकघरात किंवा कांदे-रताळ्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नये. घरात लहान मुले असतील, किंवा दारात शेळ्या बांधल्या जात असतील, तर हा वेल लावूच नये. कंद हाताळताना हातमोजे घालावेत.

औषधासाठी फार उपसा झाल्यामुळे अनेक रानांतून ही वनस्पती कमी झाली आहे. त्यामुळे रानातला कंद उकरून आणणे मला मान्य नाही. रोपवाटिकेत वाढवलेला कंद घ्यावा, किंवा ज्यांच्या बागेत ती आहे त्यांच्याकडून पिकलेल्या शेंगेतल्या केशरी बिया मागाव्यात. बियांपासूनच्या वेलाला फुलायला काही वर्षे लागतात.