४२ किलोच्या आजी आणि १०० मिलीची बाटली

सासूबाईंचं वजन ४२ किलो. मधुमेहाच्या तपासणीसाठी दर महिन्याला फॅमिली डॉक्टरांकडे जायच्या, तिथल्या वहीत हा आकडा असायचा. पण खुब्याचं हाड मोडून साताऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात दाखल झाल्या तेव्हा वजन कुणी केलंच नाही. उभं राहता येत नसलेल्या माणसाचं करणार तरी कसं? केसपेपरवर वजनाची जागा रिकामी होती, आणि खाली औषधांत लिहिलेलं होतं: इंजेक्शन पीसीएम १ ग्रॅम, आयव्ही, दर सहा तासांनी.

पीसीएम म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. ताप आला की गोळी घेतो तेच, फक्त शिरेतून. १०० मिलीची छोटी बाटली, त्यात बरोबर १ ग्रॅम औषध. म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम.

त्यांच्या बाबतीत या औषधावरच सगळी भिस्त होती. आधी एका दुखण्यात त्यांना ट्रॅमाडॉल हे कडक वेदनाशामक दिलं होतं, तेव्हा रात्रभर ओकाऱ्या आणि सकाळी मला ओळखेनात. म्हातारपणी अशा ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांनी भ्रम होतो, शौचाला खडा होतो, तोल जातो. डायक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामकही नको, कारण ते मूत्रपिंडाला बाधू शकतं आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं. म्हणून भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या वेळी मांडीच्या नसांजवळ बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि पुढे नियमित पॅरासिटामॉल ठरलं. बेत मला पटला. प्रश्न मात्रेचा होता.

मी डॉक्टर नाही, मेडिकलचा अभ्यासही नाही. पण बाटलीच्या खोक्यात माहितीचा कागद असतो आणि हॉस्पिटलात बसलेल्या बाईकडे वाचायला वेळच वेळ असतो. ५० किलोच्या वरच्या माणसाला एका वेळी १ ग्रॅम आणि दिवसभरात सगळे मिळून जास्तीत जास्त ४ ग्रॅम. वजन त्याहून कमी असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. आईंचा हिशेब झाला ६३० मिलिग्रॅम, म्हणजे ६३ मिली. पूर्ण बाटली त्यांना जास्तच होती.

राउंडला भूलतज्ज्ञ आल्या तेव्हा मी एवढंच म्हणाले, "मॅडम, आईंचं वजन ४२ आहे. केसपेपरवर लिहिलेलं नाही." त्यांनी कागद उलटून पाहिला, क्षणभर थांबल्या आणि मात्रा खोडून ६०० मिलिग्रॅम केली. दिवसभराची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम धरू म्हणाल्या, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. चार वेळा ६०० केले की २,४०० होतात, त्यात बसतं. वजन कमी, खाणं कमी आणि वय जास्त असलं की या औषधातून तयार होणारा विषारी अंश निकामी करणारा यकृतातला साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे इतरांना चालणारी मात्राही अशा माणसाला बाधू शकते, असंही त्यांनी समजावलं. कुठेही चिडल्या नाहीत. मला मात्र विचारायच्या आधी धडधडत होतं, कारण आपल्याकडे पेशंटच्या नातेवाइकाने मात्रेबद्दल तोंड उघडलं की गूगलवाले आले म्हणून बघतात.

खरी गंमत पुढे. ६० मिली द्यायचं तर उरलेल्या ४० मिलीचं काय? दिवसपाळीच्या सिस्टरनी सिरिंजने जास्तीचं आधीच काढून बेसिनमध्ये ओतलं आणि मग बाटली लावली. नवऱ्याचा जीव कळवळला, कारण बाटलीमागे बाटली बिलात चढत होती. "पुढच्या वेळेला वापरता येईल की!" सिस्टर म्हणाल्या, "दादा, एकदा भोक पाडलं की ती बाटली संपली. जंतू वाढू नयेत म्हणून यात काही घातलेलं नसतं." आणि आधी काढायचं कारण असं, की वॉर्डात धावपळ असते. ६० मिलीला बंद करू म्हणून लावलेली बाटली, कुणाचं लक्ष नसलं तर पूर्ण जाते. जे बाटलीत नाही ते शिरेत जाऊच शकत नाही. मला हे फार आवडलं.

या सिस्टरनी आधी लहान मुलांच्या वॉर्डात काम केलेलं होतं. तिथे मिलिग्रॅम आणि मिलीची अदलाबदल हीच मोठी धास्ती, म्हणाल्या. बाळाला ७५ मिलिग्रॅम द्यायचे म्हणजे साडेसात मिली. घाईत कुणी ७५ मिली समजलं तर थेट दहापट. म्हणून त्या मात्रा दोन्हींत बोलून दाखवायच्या: "सहाशे मिलिग्रॅम, साठ मिली, आजी." आजींना त्यातलं काय कळत होतं कोण जाणे, पण "बरं बरं" म्हणायच्या.

औषध पंधरा मिनिटांत जायला हवं. रात्रपाळीला एकदा ते भराभर सुटलं होतं, तेव्हा मी बेल दाबली. एकदम गेलं तर रक्तदाब उतरू शकतो. फार रेंगाळलं तर दुखणं लवकर थांबत नाही. संपत आलं की नळीत हवा जाण्याआधी बंद करायचं, हेही बघावं लागतं.

वहीची सवय मी पहिल्याच दिवशी लावली. वेळ, मात्रा, त्याआधीचा ताप. पुढे ती कामी आली. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी अंग तापायला लागलं. रात्रीच्या डॉक्टरांनी तापासाठी ६५०ची गोळी लिहिली. गोळीतही तेच पॅरासिटामॉल, आणि बाटली होऊन दोन तास झालेले. वही दाखवली, त्यांनी गोळी रद्द केली आणि ओल्या फडक्याने अंग पुसायला सांगितलं. गोळी, बाटली, सर्दीचं औषध, दोन औषधं एकत्र असलेली दुखण्याची गोळी, सगळ्यातलं मिळून मोजायचं असतं. जास्त झालं तरी पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही, यकृताचा त्रास नंतर उघडा पडतो. म्हणूनच लक्षणांची वाट बघण्यात अर्थ नसतो. शंका आली तर लगेच सांगायचं, कारण त्यावर उतारा आहे, पण तो जितका लवकर तितका चांगला.

दुसरं म्हणजे, हे औषध ताप झाकतं. मात्रेआधी दर वेळी ताप मोजून लिहिल्यामुळे तो रोज संध्याकाळी चढतोय हे कागदावर दिसलं. सर्जननी टाके, छाती, हातातल्या सुईची जागा सगळं तपासलं, लघवी तपासायला पाठवली. लघवीतच जंतुसंसर्ग निघाला. लघवीची नळी काढली, अँटिबायोटिक सुरू झालं. नुसती बाटली वाढवत बसलो असतो तर ताप उतरल्यासारखा वाटला असता, एवढंच.

आई पेज, मग मऊ भात खायला लागल्या तेव्हा मी स्वतःच विचारलं, आता गोळी चालेल का? चालली. पोटातून औषध नीट जात असेल तर शिरेतल्या बाटलीचा वेगळा फायदा फारसा उरत नाही, आणि सुई हातात जितके दिवस जास्त, तितकी शीर सुजण्याची भीती जास्त. भेटायला आलेल्या आत्येसासूबाईंना मात्र हे अजिबात पटलं नाही. "बाटली काढली? मग गुण कसा यायचा?" त्यांच्या गावच्या दवाखान्यात साध्या तापालाही बाटली लावतात आणि ती लावली नाही तर डॉक्टरच कच्चा ठरतो.

डिस्चार्जच्या कागदावर दोन गोळ्या होत्या, एक ६५०ची आणि एक दुखण्याची, जिच्यात आणखी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि जोडीला चक्क ट्रॅमाडॉल. केमिस्टकडे जाण्याआधी आरएमओंना, म्हणजे हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरांना, दाखवलं. त्यांनी दुसरी खोडली, पहिलीच्या जागी ५००ची लिहिली, दिवसातून जास्तीत जास्त चार, मध्ये सहा तास. आणि यावेळी कोपऱ्यात वजन लिहिलं.