जर्मनीतल्या कपाटात पैठणी आणि स्वेटर

जर्मनीत भाड्याचं घर बहुधा रिकामं मिळतं, भिंतीतलं कपाट क्वचितच असतं. लातूर, नांदेड, परभणीकडून शिकायला किंवा नोकरीला आलेली माणसं पार्टिकल बोर्डचं कपाट आणून जोडतात आणि बॅगेतलं सगळं त्यात कोंबतात. पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात कपड्यांना कुबट वास सुटतो तो तिथूनच.

मराठवाड्यात वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते, त्यामुळे गच्च भरलेलं कपाटही निभावून जातं. इथे निभत नाही. हिवाळ्यात बाहेरची भिंत गार पडते, त्यात कपडे घरातच वाळत घातलेले असतात आणि एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. त्या दमट हवेतल्या वाफेचं गार भिंतीपाशी पाणी होतं आणि कपाटामागे बुरशी धरते. म्हणून कपाट आतल्या भिंतीला लावा. तशी जागाच नसेल तर मागे ५ ते १० सेंटिमीटर फट ठेवा आणि फटीएवढी लाकडी पट्टी मध्ये घालून कपाट वरून भिंतीला स्क्रूने पक्कं करा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र खोलीत असू द्या. ४० ते ६० टक्के ठीक, त्यावर गेली की खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवा.

आवरायला काढाल तेव्हा कपाट पूर्ण रिकामं करा, कप्पा-कप्पा करत बसू नका. दांडीचा हिशेब साधा आहे: शर्टाला अडीच-तीन सेंटिमीटर लागतात, थंडीच्या जाड कोटाला आठ ते दहा. मीटरभर दांडीवर दहा-बाराच कोट मावतात. म्हणून एप्रिलमध्ये कोट आणि ऑक्टोबरमध्ये सुती कपडे पलंगाखालच्या बॅगेत जाऊ द्या. ठेवण्याआधी धुवाच, कारण घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर कसर आधी येते.

इथली कसर म्हणजे फिकट सोनेरी, जेमतेम सेंटिमीटरभराचा पतंग. खाते ती त्याची अळी, आणि खाते लोकर, रेशीम. निव्वळ सुती कपड्यांच्या वाटेला ती सहसा जात नाही. घरून येणाऱ्या सामानात डांबर गोळ्या हमखास असतात. त्या आणू नका. नॅफ्थलीनच्या गोळ्यांवर युरोपीय संघात २००८ पासून बंदी आहे आणि त्यांची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते. लव्हेंडरने पतंग थोडे दूर राहतात, अळी मरत नाही. खात्रीचा उपाय फ्रीझरचा. कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर पाणी सुटतं.

पैठणी स्वेटरांच्या कप्प्यात ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक तर कसर लोकरीवरून रेशमावर येते. दुसरं, लोकरीत गंधक असतं आणि जरीतल्या चांदीला ते काळं करतं. रबर लावलेली पेटीही त्याच कारणाने नको. हॅंगरवर तर पैठणी कधीच लावू नका. जरीच्या पदराचं वजन खाली ओढतं आणि दांडीच्या रेघेवर रेशीम विरतं. गुंडाळी उत्तम, पण साडीचा पन्हा साधारण ११५ सेंटिमीटर आणि कपाट बहुधा १०० सेंटिमीटर रुंद. म्हणून घडी घालून, धुतलेल्या मांजरपाटात सैल लपेटून ती आडवी, सगळ्यात वर ठेवा आणि दर तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या रेघेवर घाला. सुती-रेशमी विणीची हिमरू शाल तिच्याच शेजारी ठेवा. कायम ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी, हवा ओढून घेणारी पिशवी, दोन्ही रेशमाला वर्ज्य.

नको असलेले पण धड कपडे रस्त्यावरच्या कपड्यांच्या पेटीत टाका, पिशवीचं तोंड बांधून, बुटांचे जोड एकत्र बांधून. फाटके, ओले, डागाळलेले त्यात चालत नाहीत. जुन्या सुती साड्या मात्र त्या पेटीत घालवू नका. चार साड्या म्हणजे दोनेक किलो, गावी जाणाऱ्या कुणाच्याही बॅगेत मावतात आणि घरी वाकळेला कामी येतात. जरीचा काठ असेल तर आधी उसवून घ्या, पांघरताना तो टोचतो.