अण्णांचं मानपत्र लिहिताना

आमच्या गल्लीतल्या अण्णांचा सत्कार करायचं पंचमंडळींनी ठरवलंय आणि मानपत्राचं काम माझ्याकडे आलंय. गल्ली बेळगावात, शहापुरात, मी इंग्लंडमध्ये. तरी मी लगेच हो म्हटलं, कारण अलीकडेच इथे अशाच एका कामाला माझा हातभार लागला होता.

इथे आमच्या भागात एक आजीबाई गरजू घरांसाठी धान्यवाटप सांभाळतात. शेजाऱ्यांनी त्यांचं नाव ‘ब्रिटिश एम्पायर मेडल’साठी पाठवलं. आपापल्या भागात राबणाऱ्यांसाठीचं हे पदक 1993 साली बंद झालं होतं, 2012 पासून पुन्हा देऊ लागले. नाव कुणीही सुचवू शकतं. सोबत त्या व्यक्तीला ओळखणाऱ्यांची दोन पत्रं जोडायची, निकालाला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि तोवर तिच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही. पदकाच्या नावातलं ‘एम्पायर’ मला टोचतं. 1924 साली ज्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्या गावच्या माणसाला ते टोचणारच. पण पत्र लिहायला बसलो तेव्हा एक गोष्ट मनापासून पटली. नुसती स्तुती तिथे चालत नाही. या बाईंमुळे कुणाचं, काय, कसं बदललं ते लिहावं लागतं. आणि त्या आजही काम करत असायला हव्यात. माणूस गेल्यावर हे पदक मिळत नाही.

आपल्याकडची मानपत्रं आठवून बघा. निःस्वार्थी, अजातशत्रू, दीनदुबळ्यांचे कैवारी. नाव बदललं की तोच मजकूर दुसऱ्याला चालतो. शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही, अण्णांच्या डोक्यावर भगवा फेटा मला बघायचाच आहे. पण कागदावर अण्णांचं काम उतरलं पाहिजे.

संध्याकाळी माग बंद झाला की अण्णा कट्ट्यावर येऊन बसायचे. कापडी पिशवीत शाईचं पॅड, गोंदाची बाटली, टाचण्या. रेशन कार्ड, विधवा पेन्शन, उतारा, कसलाही अर्ज असो, छापलेला कानडीत. अण्णांचं शिक्षण मराठी शाळेतलं. कानडी लिहा-वाचायला ते मोठेपणी, मागावर बसूनच शिकले. अंगठा उठवून घेण्याआधी ते अर्जातली एकेक ओळ मराठीत सांगायचे. घाई करणाऱ्याला म्हणायचे, “कशावर सही करालायस ते ऐक की आधी.” 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत बांधून मराठी भाषकांच्या निषेध फेरीत पुढे चालणारे अण्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा कट्ट्यावर कानडी अर्ज भरत बसलेले असायचे. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो सुटेपर्यंत कुणा म्हातारीची पेन्शन अडू नये, एवढं त्यांना कळत होतं. कानडी बोलणाऱ्या शेजारणीही त्याच रांगेत असायच्या, हेही मानपत्रात यायला हवं.

2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात घरांच्या भिंती पडल्या, तेव्हा अण्णा टेप घेऊन घरोघर फिरले. किती फूट भिंत पडली, घरात माणसं किती, मागाचं काय भिजलं, सगळं एका वहीत लिहिलं. भरपाईच्या अर्जांना तीच वही उपयोगी पडली. माझ्या आईने त्या वहीची चार पानं मला फोटो काढून पाठवली आहेत. अक्षर रेखीव, खाडाखोड नाही.

आणि विहीर. अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली काँग्रेस विहीर सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या गल्लीतली विहीर कुणी वाचवली हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. लोक तिच्यात निर्माल्य आणि कचरा टाकायला लागले होते, बुजवून टाकायचीही भाषा चालली होती. शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाचं पाणी उन्हाळ्यात कित्येक दिवस नळाला येत नव्हतं, तेव्हा अण्णांनी पोरं गोळा करून गाळ उपसला आणि वर जाळी बसवून घेतली.

आता हे एकट्याच्या आठवणीवर लिहिणं बरोबर नाही. ज्यांचा अर्ज अण्णांनी भरला, त्यांनी दोन ओळी लिहून पाठवाव्यात. कसला अर्ज होता, पुढे काय झालं, एवढंच. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोराला सांगा, फोनवर बोललात तरी मी उतरवून घेईन. विहिरीचा गाळ कोणत्या साली काढला याबद्दल घरोघरी वेगळं उत्तर मिळतंय. त्या वेळी दोर धरायला होते त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर नक्की कळवा. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधी मजकूर छपाईला द्यायचा आहे.