काळे कावळेंच्या आधी कसे आले?

आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद यादी दिवाळीच्या सुट्टीत पायथन या प्रोग्रामिंग भाषेत घेतली, चारेकशे नावं असतील, आडनावाप्रमाणे लावायची एवढंच काम. सॉर्ट केलं म्हणजे क्रमाने लावलं, प्रिंट काढून ग्रंथपाल काकूंकडे दिली आणि त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, "अरे, काळे कावळेंच्या वर कसे? ळ ह नंतर येतो ना?"

बरोबरच होतं त्यांचं. पायथनला आपली वर्णमाला माहीत नसते, तो प्रत्येक अक्षराचा युनिकोड नंबर, म्हणजे संगणकात त्या अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक, बघतो आणि तिथे ळ ला ल च्या शेजारी बसवलंय. ळ चा नंबर २३५५, व चा २३५७, ह चा २३६१. म्हणून काळे आधी, मग कावळे, मग कासार. आपल्याला हवेत कावळे, कासार, काळे.

उपाय सोपा आहे. पायथनच्या sorted या क्रम लावणाऱ्या फंक्शनला key (तुलना कशावरून करायची ते) म्हणून आपलं एक छोटं फंक्शन द्यायचं, त्यात ळ च्या जागी २३६२ नंबरचं चिन्ह टाकायचं, ते ह च्या लगेच पुढे आणि काना-मात्रांच्या आधी येतं आणि मराठीत वापरात नाही. मूळ नावाला हात लागत नाही, फक्त तुलना करताना बदललेलं रूप वापरलं जातं, मला पायथनमधली ही सोय फार म्हणजे फार आवडते. क्षीरसागर मात्र क मध्येच ठेवले, कारण संगणकाला क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, आणि काकूंनाही ते चाललं.

मग काकू म्हणाल्या आळीप्रमाणे गट पण कर. इथे टिम पीटर्सचे आभार मानायला हवेत, २००२ मध्ये त्यांनी पायथनसाठी टिमसॉर्ट ही क्रम लावायची पद्धत लिहिली, ती स्टेबल आहे, म्हणजे दोन नोंदी सारख्या ठरल्या तर त्यांचा आधीचा क्रम मोडत नाही. त्यामुळे आधी आडनावाने लावा, मग तीच यादी आळीने लावा, प्रत्येक आळीत आडनावं जशीच्या तशी क्रमात राहतात! फक्त sorted ऐवजी यादीचं नुसतं sort वापरलंत तर त्याचं उत्तर परत यादीच्या नावात ठेवू नका, ते जागेवरच यादी बदलतं आणि हातात None, म्हणजे 'काहीच नाही', देतं, माझी अख्खी यादी एकदा अशीच गेलीय.

सभासद क्रमांक देवनागरीत, मजकूर म्हणून टाईप केलेले, त्यामुळे १० हा २ च्या आधी येत होता. key मध्ये int (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) दिलं आणि काम झालं, int ला देवनागरी आकडे सरळ वाचता येतात.